आरोपी ब्रूटस हाजिर हो! आमच्या वाचनालयातील अभिरूप न्यायालयाचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात असलेल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने यंदाच्या फाल्गुनापासून अभिरूप न्यायालयाची सेवा सुरू केली असून, तिच्यातला पहिला खटला प्राचीन रोमचा सेनापती आणि सत्ताधीश जूलिअस सीझर याच्या मारेकऱ्यांवर चालवण्यात आला. सभासदांना शंभर आणि इतरांना दीडशे रुपये अशी वर्गणी आहे. तिच्या बदल्यात खटल्याचे दप्तर, शनिवारच्या सायंकाळच्या बैठका, बसायला सतरंजी किंवा खुर्ची आणि मध्यंतरात चहा एवढे मिळते. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली, तूर घरात आलेली आणि हरभऱ्याची सोंगणीही उरकत आलेली, असा मोकळा काळ आयोजकांनी साधला, हे शहाणपणाचे झाले. सेवा घेण्याजोगी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र दप्तरातील उणिवा आणि पंचांनी दिलेला निकाल यांविषयी मला बरेच म्हणायचे आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

न्यायाधीशाच्या खुर्चीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक होते, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. फिर्यादीच्या बाजूने तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणारे एक वकीलसाहेब उभे राहिले, तर बचावाची जबाबदारी नागपूरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या गावातल्याच एका मुलीने उचलली. चिठ्ठ्या टाकून नऊ पंच निवडले गेले; त्यांत दोन स्त्रिया, एक माजी पोलीस पाटील आणि बाकी बहुतेक शेतकरी होते. इ.स.पू. ४४ मध्ये १५ मार्च रोजी रोमच्या सिनेटच्या, म्हणजे बड्या कुळांच्या राज्यसभेच्या, सदस्यांनी सीझरची जी हत्या केली, ती न्याय्य होती की नव्हती, एवढाच मुद्दा गुरुजींनी फळ्यावर लिहिला आणि त्याबाहेर जाणाऱ्याला ते शेवटपर्यंत अडवत राहिले. एका पंचाने शनिवारवाड्यातील १७७३ सालचा नारायणरावांचा खून आणि रामशास्त्री प्रभुण्यांचा बाणेदारपणा काढला, तेव्हाही त्यांनी, ‘तो खटला आपण वेगळा घेऊ, भाऊ,’ असे म्हणून गाडी रुळावर आणली. सेवाग्राम इथून फार लांब नसल्यामुळे साधनशुचितेवरचे भाषण कोणत्याही क्षणी सुरू होईल अशी मला धास्ती होती. दोन्ही वकिलांनी तो मोह आवरला, हेही नोंदवले पाहिजे.

दप्तर हा या सेवेचा कणा आहे. झेरॉक्स केलेल्या पानांना दोऱ्याने शिवलेले हे दप्तर बैठकीच्या आठवडाभर आधी हाती पडते आणि त्यातला घटनाक्रम फार चांगला तयार केलेला आहे. सीझरने इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सैन्यासह इटलीच्या हद्दीवरची रुबिकॉन नदी ओलांडून यादवी युद्ध ओढवून घेतले, ४८ च्या ऑगस्टमध्ये फार्सेलसच्या लढाईत प्रतिस्पर्धी सेनापती पॉम्पेचा पराभव केला, ४६ मध्ये आफ्रिकेतील थॅप्ससला आणि ४५ मध्ये स्पेनमधील मुंडाला उरलेला विरोध मोडून काढला, हा क्रम एका पानात नीट बसवला आहे. त्याच्या शेजारच्या रकान्यात डिक्टेटर या पदाची वाटचाल दिली आहे: जे पद रोमच्या जुन्या रिवाजाप्रमाणे संकटकाळी फार तर सहा महिन्यांसाठी दिले जाई, ते सीझरला ४६ मध्ये दहा वर्षांसाठी आणि ४४ च्या फेब्रुवारीपर्यंत तहहयात मिळाले. हे दोन रकाने शेजारी ठेवण्याची कल्पना ज्या कोणाची असेल, त्याला दाद दिली पाहिजे, कारण रणांगणावरील प्रत्येक विजयानंतर सत्तेची मुदत कशी लांबत गेली हे न सांगताच कळते.

परंतु याच दप्तरात मार्कस ब्रूटस आणि डेसिमस ब्रूटस या कटातील दोघांना सर्वत्र नुसते ‘ब्रूटस’ म्हटले आहे, आणि ही चूक क्षम्य नाही. ज्याचे नाव जगाच्या तोंडी आहे तो मार्कस. त्या सकाळी घरी जाऊन, पत्नी कॅल्पर्निया अडवत असतानाही, सीझरला सभागृहात चलण्यासाठी राजी करणारा तो डेसिमस. मार्कस फार्सेलसला पॉम्पेच्या बाजूने लढला होता आणि त्याला माफी मिळाली होती; डेसिमस मात्र पहिल्यापासून सीझरचाच माणूस होता, गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडील भागाच्या, युद्धात त्याच्या आरमाराचा सेनापती होता आणि सीझरच्या मृत्युपत्रात दुय्यम वारसांमध्ये त्याचे नाव होते. दोघांचा अपराध, जर तो अपराध असेल तर, एका मापाने मोजता येत नाही. पहिल्या बैठकीत दोन पंच बराच वेळ एका ब्रूटसचे पाप दुसऱ्याच्या खात्यावर मांडत होते आणि शेवटी बचावाच्या मुलीनेच उठून फळ्यावर दोन नावे वेगवेगळी लिहिली.

ती पहिली बैठक घटनेच्या तपशिलासाठी होती आणि ती अपेक्षेपेक्षा रंगली. हत्या जुन्या सिनेटगृहात झाली नाही, पॉम्पेने बांधलेल्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात, खुद्द पॉम्पेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी झाली, हे अनेकांना नवीन होते. कटातल्या ट्रेबोनिअसने सीझरचा साथीदार अँटनी याला बाहेरच बोलण्यात गुंतवून ठेवले. टिलिअस सिंबरने हद्दपार भावाच्या माफीचा अर्ज पुढे करत सीझरचा टोगा खेचला. कास्काने पहिला वार केला. कटात साठाहून अधिक जण होते आणि अंगावर तेवीस जखमा आढळल्या, त्यांपैकी छातीवरची दुसरी जखमच तेवढी प्राणघातक होती असे अँटिस्टिअस या वैद्याने सांगितल्याची नोंद स्वेटोनिअस या रोमन चरित्रकाराने केली आहे. मरताना सीझर लॅटिनमध्ये ‘तूसुद्धा, ब्रूटस’ असे म्हणाला, हे शेक्सपिअरच्या नाटकाने रूढ केलेले वाक्य आहे. तो ग्रीकमध्ये ‘तूसुद्धा, बाळा’ असे म्हणाल्याचे काही जण सांगतात एवढेच स्वेटोनिअस लिहितो, आणि स्वतःचे मत मात्र तो काहीच बोलला नाही असे देतो. आयुष्यभर पंचनामे लिहिलेले माजी पोलीस पाटील इथे पुढे सरसावले. ‘तेवीस घाव अन् एकच जीवघेणा, म्हंजे मारनाऱ्यायचे हात थरथरत होते, गुरुजी. गर्दीत एकमेकायले बी लागलं असन,’ असे ते म्हणाले आणि वकीलसाहेबांनी प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराची नोंद वाचून दाखवली, की त्या झटापटीत मार्कस ब्रूटसच्या हाताला खरोखरच जखम झाली होती. पाटलांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहण्यासारखे होते.

दुसऱ्या बैठकीत बचावपक्षाने आपली बाजू मांडली आणि ती या सबंध उपक्रमातील सर्वांत तयारीची मांडणी होती. इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलून रोमने प्रजासत्ताक स्थापन केले, असे रोमन लोक मानत, आणि जो राजा होऊ पाहील त्याला ठार मारणे गुन्हा नाही असा कायदा प्रजासत्ताकाच्या आरंभीचा नेता पब्लिकोला याच्या नावावर सांगितला जाई. म्हणजे आरोपींनी परकीय तत्त्वाचा आधार घेतला नव्हता, आपल्याच परंपरेचा घेतला होता, येथून तिने सुरुवात केली. त्यानंतर तिने पुराव्यांची रास लावली. व्हीनसच्या मंदिरासमोर सिनेट बहुमान घेऊन आली, तेव्हा सीझर जागचा उठला नाही. त्याच्या पुतळ्यावरचा राजचिन्हाचा पट्टा काढणाऱ्या आणि त्याला राजा म्हणून हाका मारणाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या मारुलस आणि फ्लाव्हस या दोन ट्रिब्यूनांना, म्हणजे लोकांनी निवडलेल्या आणि ज्यांच्या केसालाही धक्का लावणे निषिद्ध होते अशा प्रतिनिधींना, त्याने पदावरून दूर केले. पूर्वेकडील पार्थिया राज्यावरच्या मोहिमेवर १८ मार्चला निघण्यापूर्वी त्याने पुढच्या वर्षांची पदेही वाटून टाकली. इ.स.पू. ४५ च्या अखेरच्या दिवशी एक कॉन्सल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, सकाळीच मरण पावला, तर उरलेल्या काही तासांसाठी त्याने कॅनिनिअस नावाच्या माणसाला कॉन्सल केले. त्याच्या कारकिर्दीत कोणी न्याहारी केली नाही आणि तो इतका दक्ष होता की पदावर असताना त्याला झोपच लागली नाही, अशी प्रसिद्ध वक्ता आणि सिनेटर सिसेरो याची थट्टा तिने सांगितल्यावर सगळे हसले. पण तिचा खरा मुद्दा हसण्यासारखा नव्हता. तहहयात डिक्टेटरवर खटला भरता येत नाही, त्याची मुदत संपत नाही, निवडणूक त्याच्या मुठीत आहे आणि आक्षेप घेणारा ट्रिब्यून घरी पाठवला जातो. अशा वेळी कायद्याचा कोणता मार्ग उरला होता तो फिर्यादीने दाखवावा, असे तिने बजावले. फिर्यादीला तो शेवटपर्यंत दाखवता आला नाही.

वकीलसाहेबांचे उत्तर कृतघ्नतेवर उभे होते आणि ते मला काहीसे लंगडे वाटले. मार्कस ब्रूटस आणि कटाचा दुसरा म्होरक्या कॅशिअस या दोघांनाही सीझरने युद्धानंतर अभय दिले, दोघांनाही इ.स.पू. ४४ साली प्रीटरचे मोठे पद दिले, सिनेटच्या सदस्यांनी त्याच्या जिवाचे रक्षण करण्याची शपथ घेतली होती आणि त्या भरवशावर त्याने आपले अंगरक्षकही दूर केले होते, हे सर्व खरे आहे. मात्र माफी देणारा हा माफी रोखूही शकतो, आणि आपला जीव कोणाच्या तरी मर्जीवर आहे हीच गोष्ट सीझरचा कट्टर विरोधक केटो याला इतकी असह्य झाली की त्याने इ.स.पू. ४६ मध्ये युटिकाला आत्महत्या केली. उपकाराच्या ओझ्यावरून न्यायाचा निवाडा होत नाही.

फिर्यादीची बाजू खऱ्या अर्थाने उभी राहिली ती सायप्रसच्या कर्जप्रकरणावर, आणि येथे गावाने कान टवकारले. सायप्रसमधील सॅलॅमिस या नगराला मार्कस ब्रूटसने मध्यस्थांच्या नावाने कर्ज दिले होते आणि त्याचा दर दरसाल दर शेकडा ४८ होता. प्रांतातील लोकांना रोममध्ये कर्ज देण्याला कायद्याने बंदी होती, म्हणून सिनेटकडून खास सवलतीचे ठराव आणवून घेतले गेले. वसुलीसाठी स्कॅप्टिअस नावाचा माणूस होता. त्याला तेथील गव्हर्नरने, जो ब्रूटसचा सासराच होता, घोडदळ दिले आणि स्कॅप्टिअसने सॅलॅमिसच्या नगरसभेलाच तिच्या सभागृहात कोंडून ठेवले, इतके की पाच सदस्य उपासमारीने मेले. इ.स.पू. ५१ मध्ये सिसेरो तेथे गव्हर्नर म्हणून आला तेव्हा हे प्रकरण त्याच्यापुढे गेले. त्याने घोडदळ काढून घेतले. त्याच्या स्वतःच्या हुकमाप्रमाणे व्याजाचा दर १२ टक्के होता आणि त्या हिशेबाने सुमारे १०६ टॅलेंट (त्या काळचे चांदीचे मोठे माप) इतकी रक्कम सॅलॅमिसचे लोक द्यायला तयार होते, तर स्कॅप्टिअस २०० टॅलेंटवर अडून बसला होता. तेव्हा त्या लोकांनी पैसे देवळात ठेव म्हणून जमा करू द्यावेत, म्हणजे पुढचे व्याज थांबेल, अशी विनंती केली, आणि ब्रूटसची मर्जी सांभाळणाऱ्या सिसेरोने तीही मान्य न करता प्रकरण तसेच लोंबकळत ठेवले. हे सर्व सिसेरोच्या स्वतःच्या पत्रांतून कळते. आरोपीच्या मित्रानेच दिलेली ही साक्ष आहे.

वकीलसाहेबांनी ४८ टक्क्यांचे भाषांतर महिन्याला शेकडा चार असे केल्याबरोबर पंचांपैकी सर्वांत वयस्कर शेतकऱ्याने चष्मा काढला. ‘महिन्याले शेकडा चार? अन् पैसे देवळात बी ठिवू देत नाही म्हन्ते? हा ब्रूटस तं आपल्याच भागातला निघाला, गुरुजी.’ विनापरवाना सावकारीला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाने शिक्षा ठरवलेली आहे, पण पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या पिशवीसाठी कोण कोणाच्या ओट्यावर जाऊन बसतो हे त्या खोलीत कोणाला सांगावे लागत नव्हते. मुद्दल फेडायला निघालेल्या ऋणकोकडून पैसे न घेता व्याज वाढू देणे ही युक्ती रोमपासून आर्वीपर्यंत एकाच हाताची वाटते. बचावाच्या मुलीने येथे हरकत घेतली, की मारणाऱ्याची सावकारी वाईट असली म्हणून मरणाऱ्याची हुकूमशाही चांगली ठरत नाही, आणि गुरुजींनी ती हरकत मान्य करून पंचांना हा भाग विसरण्यास सांगितले.

गुरुजींचा मान राखून मी म्हणेन, की हा निर्णय बरोबर नव्हता. आरोपींनी आपल्या कृतीला स्वातंत्र्याचे नाव दिले होते. तेव्हा ते स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न चारित्र्याचा राहत नाही, तो बचावाच्या मुळाशी जातो. सिनेटमधील कुळांना ज्या मोकळिकीची सवय होती, तिच्यात प्रांतांवर आलटून पालटून जाऊन तिथून धन गोळा करण्याची मोकळीकही येत होती. सीझरने इ.स.पू. ५९ मध्ये कॉन्सल असताना गव्हर्नरांच्या खंडणीखोरीविरुद्ध कडक कायदा केला आणि डिक्टेटर झाल्यावर गव्हर्नरांची मुदत एक किंवा दोन वर्षांवर आणली, हे दप्तरात असायला हवे होते. त्याचे कर्जविषयक उपाय मात्र दप्तरात होते आणि त्यांवर पंचांत चांगली चर्चा झाली: यादवीमुळे जमिनीचे भाव कोसळले असताना ऋणकोंची मालमत्ता युद्धापूर्वीच्या भावाने धरावी आणि दिलेले व्याज मुद्दलातून वजा करावे, असे त्याने ठरवले, त्यामुळे स्वेटोनिअसच्या अंदाजाने सुमारे चौथा हिस्सा कर्ज उडाले. सरसकट कर्जमाफीची आशा धरणाऱ्यांची त्याने निराशा केली. कर्जमाफीच्या याद्या, आधार जोडणी आणि वगळलेली नावे हे सारे अनुभवलेल्या पंचांना यात एक अक्षरही समजावावे लागले नाही. फुकट धान्याच्या यादीतील ३,२०,००० नावे त्याने १,५०,००० वर आणली, तेव्हा मात्र दोघा स्त्री पंचांनी, कोणाची नावे कापली आणि कोणाला विचारून, असे विचारले. दप्तरात त्याचे उत्तर नाही.

सीझरला गरिबांचा कैवारी ठरवण्याचा मोह या टप्प्यावर फिर्यादीला झाला, आणि बचावाने तो गॉलचे नाव काढून मोडला. इ.स.पू. ५८ पासून आठ वर्षे चाललेल्या त्या युद्धात दहा लाख माणसे मेली आणि तितकीच कैद झाली असे प्लुटार्क म्हणतो. आकडा फुगवलेला असू शकतो, पण अव्हॅरिकम नगरातील सुमारे ४०,००० लोकांपैकी जेमतेम ८०० वाचले हे सीझरने स्वतःच्याच हाताने लिहून ठेवले आहे. मला वाटते, सीझरवर खटला भरायचाच होता तर तो या कारणासाठी भरायला हवा होता. इ.स.पू. ५५ मध्ये दोन जर्मन टोळ्यांची त्याने कत्तल केली, तेव्हा त्याला त्या लोकांच्या ताब्यात द्यावे अशी मागणी केटोने केली होती, आणि सिनेटने त्याच सुमारास त्याच्या विजयांबद्दल वीस दिवसांचा आभारोत्सव मंजूर केला. मारेकऱ्यांच्या तक्रारीत गॉलचा उल्लेख कोठेही नाही. तो असणार कसा? डेसिमस ब्रूटस आणि ट्रेबोनिअस हे त्याच युद्धातले त्याचे हाताखालचे सेनानी होते.

आता दप्तराच्या दुसऱ्या, अधिक गंभीर उणिवेकडे येतो. हत्येनंतर दोन दिवसांनी, १७ मार्चला, टेल्लस देवीच्या मंदिरात सिनेट भरली आणि तिने जी तडजोड केली तिला दप्तराने अवघी एक ओळ दिली आहे, वास्तविक सबंध खटला त्या ओळीत आहे. सिसेरोच्या पुढाकाराने मारेकऱ्यांना अभय मिळाले. त्याच बैठकीत सीझरचे सर्व निर्णय आणि नेमणुका कायम करण्यात आल्या. सीझर जुलमी सत्ताधीश होता असे ठरले असते तर त्याने दिलेली पदे, प्रांत आणि जमिनी रद्द झाल्या असत्या, आणि अँटनीने हे लक्षात आणून देताच सिनेटमधील अनेकांचा आवाज खाली आला, कारण त्यांची स्वतःची पदेही सीझरच्याच कृपेची होती. मारेकरी त्या वेळी कॅपिटॉलच्या टेकडीवर होते, पण त्यांनी ही तडजोड स्वीकारली आणि तिचा लाभही घेतला: डेसिमस आल्प्सच्या अलीकडील गॉलमध्ये गेला, ट्रेबोनिअस आशिया प्रांतात, सिंबर बिथिनियात, आणि हे तिन्ही प्रांत सीझरने नेमून दिलेले होते. गावच्या भाषेत सांगायचे तर, सरपंच लबाडीने खुर्चीवर बसला म्हणून त्याला उठवायचे आणि त्याच्या सहीने मिळालेला गाळा मात्र आपल्याकडेच ठेवायचा, असा हा व्यवहार झाला.

मी हा मुद्दा प्रश्नोत्तरांच्या वेळी मांडला, तेव्हा बचावाच्या मुलीने दिलेले उत्तर नोंदवण्याजोगे आहे. आपल्याकडील न्यायालयेही असेच मानतात, असे ती म्हणाली: एखाद्या अधिकाऱ्याची नेमणूक पुढे रद्द झाली तरी त्याने दरम्यान केलेली कामे वैध राहतात, अन्यथा दाखले, निवाडे, नोंदी सगळेच कोसळेल. उत्तर कायद्याला धरून आहे आणि काही क्षण मी अडखळलो. पण ते तत्त्व ज्यांनी विश्वासाने त्या अधिकाऱ्याकडे काम नेले त्या जनतेच्या संरक्षणासाठी आहे. ज्याने त्या अधिकाऱ्याला ठार मारले आणि तो अधिकारीच नव्हता असा बचाव घेतला, त्याने त्याच अधिकाऱ्याच्या हुकमावर प्रांत सांभाळायला जावे, यासाठी ते नाही. सत्ता बेकायदा होती एवढ्यावरच ज्या हत्येचे समर्थन टिकते, तिथे त्या सत्तेचे दान स्वीकारणारा स्वतःच्याच साक्षीने हरतो. म्हणून माझ्या मते हत्या न्याय्य नव्हती, आणि सीझर सज्जन होता किंवा तो गेल्यावर काय अनर्थ झाला, यांपैकी कशाचीही मला त्यासाठी गरज पडत नाही.

अनर्थ काय झाला हे फिर्यादीने तिसऱ्या बैठकीत सविस्तर सांगितलेच. अंत्यविधीच्या दिवशी बिथरलेल्या जमावाने कटाशी संबंध नसलेल्या हेल्विअस सिन्ना या माणसाला केवळ नामसाधर्म्यामुळे फाडून टाकले. इ.स.पू. ४३ च्या अखेरीस अँटनी, सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हिअन आणि लेपिडस यांच्या त्रिकुटाने याद्या लावून माणसे मारली, ज्यांत इतिहासकार अप्पिअनच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ३०० सिनेटर आणि २,००० सरदार होते, आणि ७ डिसेंबरला सिसेरोचेही शिर गेले. ४२ मध्ये फिलिपीच्या रणांगणावर कॅशिअस आणि मार्कस ब्रूटस दोघांनी स्वतःला संपवले, आणि इ.स.पू. २७ मध्ये ऑक्टेव्हिअन ऑगस्टस या नावाने सम्राट झाला, तेव्हा जे टाळण्यासाठी खंजीर उपसले होते तेच कायमचे प्रस्थापित झाले. परिणामांवरून कृत्याचा न्याय करू नये, असे बचावाने म्हटले, आणि तत्त्वतः ते मान्य. मात्र दुसऱ्या दिवशी काय करायचे याचा विचारच नव्हता, हे १५ मार्चलाच खरे होते. अँटनीलाही मारावे, असे कॅशिअसचे म्हणणे होते आणि मार्कस ब्रूटसने ते अन्याय्य म्हणून नाकारले. यात त्याचा सद्भाव दिसतो, पण सैन्य, खजिना आणि सीझरची कागदपत्रे कोणाच्या हाती जातील याचा हिशेब दिसत नाही. पुरुषाची हिंमत आणि पोराची अक्कल, अशा आशयाचा शेरा खुद्द सिसेरोने त्याच वर्षी एका पत्रात मारला आहे, आणि तो हत्येवर मनापासून खूश होता.

वाचनालयाने पडद्यावर दाखवलेले ब्रूटसचे नाणे हा या बैठकीतला सर्वांत चांगला पुरावा होता. त्याच्या एका बाजूला दोन खंजीर, त्यांच्या मधोमध मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली मार्चच्या त्या तिथीची अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूला मार्कस ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे. हयात असताना रोमच्या नाण्यावर आपला चेहरा छापून घेण्याचा पायंडा सीझरचाच होता. बचावाने यावर काहीही भाष्य केले नाही, जे शहाणपणाचे होते.

निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. बहुमताने पंचांनी कागदावर ‘हत्या न्याय्य, मारेकरी नालायक’ असे लिहून दिले. गुरुजींनी ते परत पाठवून एका शब्दात उत्तर मागितले, तेव्हा न्याय्य असे आले. पोलीस पाटील अल्पमतात होते. त्यांचे कारण असे, की ज्या गुन्ह्यात साठ जण सामील असतात आणि दुसऱ्या दिवशीची जबाबदारी एकही घेत नाही, त्याला ते न्याय म्हणायला तयार नाहीत. बहुमतातील शेतकऱ्यांचे म्हणणे, मला समजले तसे, एवढेच होते की तहहयात खुर्ची कोणालाच देऊ नये, सावकारालाही नाही आणि कर्ज कमी करणाऱ्यालाही नाही. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, परंतु त्यातून त्या पदाचा निषेध सिद्ध होतो. त्या साठ जणांचा अधिकार सिद्ध होत नाही, आणि फळ्यावर प्रश्न त्यांच्या अधिकाराचा होता.

सेवेच्या इतर अंगांबद्दल थोडक्यात सांगतो. माईक दुसऱ्या बैठकीत दोनदा बंद पडला आणि भारनियमनाच्या वेळेत इन्व्हर्टरवर एकच पंखा चालला. मार्चच्या सायंकाळी एवढी माणसे कोंडलेल्या खोलीत ते पुरेसे नाही. बैठका साडेसातऐवजी सहाला सुरू झाल्या तर स्त्रियांची उपस्थिती वाढेल का, की ती वेळ धारा काढण्याची आणि स्वयंपाकाची म्हणून आणखी घटेल, हे आयोजकांनी स्त्री सभासदांनाच विचारावे. चहा गोड आहे, फार गोड आहे. ग्रंथपालांनी मात्र प्रत्येक बैठकीनंतर ज्या पंचाने जो प्रश्न विचारला त्याच्याशी संबंधित मराठी पुस्तके टेबलावर काढून ठेवली, आणि ती वर्गणीव्यतिरिक्त शुल्क न घेता घरी नेऊ दिली, ही गोष्ट कोणत्याही मोठ्या शहरातील वाचनालयाने शिकावी अशी आहे. दप्तराची सुधारित प्रत निघणार असेल तर दोन ब्रूटस वेगळे करावेत, १७ मार्चच्या सिनेट बैठकीला एक पूर्ण पान द्यावे आणि गॉल व सायप्रस कोठे आहेत हे दाखवणारा नकाशा जोडावा.

पुढचा खटला सॉक्रेटिसचा असल्याचे फळ्यावर लिहिले आहे. पंच होऊ इच्छिणाऱ्यांनी नाव ग्रंथपालांकडे सायंकाळी पाच ते आठ या वेळेत द्यावे. सोमवारी वाचनालय बंद असते, आणि दप्तराच्या प्रती मोजक्याच निघत असल्यामुळे वर्गणी आधी भरलेली बरी.